चुकलाव, परत वाचा

परवा शेजारणीनं चिंचांचं पोतं अंगणात ओतलं आणि माझा दिवस गेला. आमच्या बिदरकडच्या मेहकरात शिमगा जवळ आला की घरोघर हेच असतं. जोंधळा निघालेला असतो, करडईचे काटे बोटांतून निघायचे असतात, आणि बाया पाय पसरून चिंचा फोडायला बसतात. आधी टरफल, मग शिरा, मग दगडावर ठेवून लहान हातोडीनं चिंचोका बाहेर. ठक, ठक, ठक. गल्लीभर आंबट वास. दुसऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत असेल. माझे कान उभे राहतात. आता कोणीतरी आपल्याला टोकणार असं वाटतं. कोणी टोकत नाही.

आम्ही ख्रिस्ती. चिंचेचे दिवस तेच आमचे उपासाचे दिवस, ईस्टरच्या आधीचे. रोज दिवेलागणीला घरात शास्त्र वाचायचं, मग डोळे मिटून प्रार्थना. दीना, म्हणजे माझी बायको, गेल्या साली याच दिवसांत वारली. ती आजारी पडेतोवर सगळी उमर वाचायची ती आणि ऐकायचो मी. ऐकायचो म्हणजे बसायचो. मी चार यत्ता शिकलो, त्यातली एक गुरांमागं गेली. अक्षर लागतं, पण बोट ठेवून.

खरं सांगायचं तर मला प्रार्थनेत झोप यायची. बिदरजवळ कोळारच्या एका गोदामावर मी वॉचमन होतो. बिदरच्या थंडीत, पावसात, तिथं कधी डोळा लागला नाही. दोन फाटकं, दोन माणसं. एकानं शिट्टी मारायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर उठून जाऊन बघायचं, माणूस जागा आहे का, जिवंत आहे का. एवढीच नोकरी. तिथं जागणारा मी, घरी दीनानं "हे स्वर्गातल्या बापा" म्हटलं की हनुवटी छातीला लागायची.

ती गप बसणारी नव्हती. प्रार्थना संपली की विचारायची, "कुनाकुनासाठी मागितलं, सांगा."

"सगळ्यासाठी."

"सगळे म्हंजे कोन?"

"आपलेच की."

"आपल्यात म्हशीचं नाव घेतलं मी. आलं का कानावर?"

"आलं."

"न्हाई घेतलं म्हशीचं नाव. झोपले होताव तुमी."

शेवटी तिनं औषध काढलं. प्रार्थनेआधी चिंचेची एक फोड माझ्या गालात ठेवायची. मिठाशिवाय, नवी, दात आंबवणारी. म्हणायची, "डोळे मिटा, पन तोंड जागं राहू द्या." तोंड जागं राहिलं की माणूस जागा राहतो, हे तिनं कुठं शिकलं देव जाणे. माझी झोप गेली ती तेव्हा. ध्यान आलं असं म्हणणार नाही. आंबट चोखत मी गोदामाच्या कुलपांचा विचार करायचो, पोरीच्या सासरचा करायचो, म्हशीचा तर करायचोच. जागं असणं वेगळं आणि हजर असणं वेगळं. हे मला लई उशिरा कळलं.

धन्याला, म्हणजे येशूला, धरून न्यायच्या आधी बागेत त्याचे चेले झोपी गेले, ही गोष्ट पाळकसाहेब दर साली सांगतात आणि सांगताना आमच्याकडं बघतात. मला त्या चेल्यांची कीव येते. दिवसभराची पायपीट, पोटात जेवण, वर झाडाची थंड हवा. पण त्याला त्यांच्याकडून काय पाहिजे होतं? काम नको होतं. पैसा नको होता. शेजारी कोणीतरी जागं पाहिजे होतं, बस. तेवढंही मिळालं नाही. वॉचमनला ही गोष्ट लागते.

मग दीनाचंच ध्यान सुटायला लागलं.

पहिल्यांदा मिठाचा डबा हरवला. मग चर्चची वाट. मग गल्लीतल्या माणसांची नावं. डॉक्टर म्हणाला, विसरायचा आजार आहे, वाढत जाणार. तो वाढला. तिचं माहेर कलबुर्गीकडचं, घरात कानडी. लग्नानंतर मराठी तिला इतकी चढली की शास्त्र ती मराठीतच वाचायची. आजारात ती उलट्या वाटेनं माघारी चालली. मराठी गळाली, कानडी राहिली. एक दिवस मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडं बघून म्हणाली, "यारु नीवु?" म्हणजे तुम्ही कोण. आदरानं विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं. मी चहा ठेवला आणि बाहेर जाऊन म्हशीजवळ उभा राहिलो.

संध्याकाळी ती उठून चपला शोधायची. घरी जायचंय म्हणायची. हेच घर आहे म्हटलं की रडायची. दार लावलं की दाराला हात घासत राहायची. आमची पोरगी सुशी बिदरात नौबादला राहते, आठवड्याला यायची. ती म्हणायची, "अप्पा, तुमच्यानं होत न्हाई. आईला तिकडं नेऊ." मी नाही म्हणायचो. इथं असून तिला हे घर सापडेना, तिकडं काय सापडणार होतं?

त्यात उपासाचे दिवस लागले. वाचणारी ती राहिली नव्हती, म्हणून मी पुस्तक घेतलं. काही मनात धरून नव्हे. दिवेलागणीला तिच्या हाताला चपला लागू नयेत, एवढ्यासाठी.

बोट ठेवून, अडखळत वाचायचो. ती भिंतीकडं बघत बसायची. बाहेर शेजारणीची हातोडी चालू. एक दिवस त्या बुटक्या, कर वसूल करणाऱ्या माणसाची गोष्ट आली. येशू गावातून चाललाय, गर्दीत याला दिसेना, म्हणून हा झाडावर चढला. माझं मन होतं बाहेर, त्या ठकठकीत. मी वाचून गेलो, "आणि तो चिंचेच्या झाडावर चढला."

"उंबर."

मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. भिंतीकडं नव्हे, माझ्याकडं.

"उंबराचं झाड हाय ते. चुकलाव. परत वाचा." मग जरा थांबून, "चिंचंवर कोन चढतंय दिवेलागनीला, भुताच्या जाग्यावर."

मराठीत. सगळं मराठीत. मी परत वाचलं, उंबर म्हणून वाचलं. तिनं मान हलवली, आणि पुढच्या ओळीला परत भिंतीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरळ वाचलं. ती माझ्याकडं वळली नाही. चपला शोधल्या, दाराशी गेली, रडली. तिसऱ्या दिवशी शंभर मेंढरांतलं एक हरवतं ती गोष्ट होती. मी बोट ओळीवर ठेवलं आणि मुद्दाम वाचलं, "त्याची एक शेळी हरवली."

काही नाही. बाहेर हातोडी वाजली. मी बोट तिथंच ठेवलं. पुढं वाचावं की थांबावं कळेना.

"मेंढरू," ती म्हणाली. "शेळी कशाला हरवती? शेळी चोरीला जाती."

मी हसलो. तीही हसली. ओठ थोडेच हलले, पण ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

तेव्हापासून माझं रोजचं तेच काम झालं. दिवसभर मी धडा आधी वाचून ठेवायचो, म्हशीचं दूध काढताना घोकायचो, कारण बरोबर चुकायचं तर बरोबर काय ते पाठ पाहिजे. उगी कुठंही चुकून चालत नव्हतं. लहान चूक तिच्या कानावरून निसटायची. कोण कुठून कुठं गेलं, मासे, जाळी, वारा, होडी, कोण काय बोललं, कोण गप बसलं, सगळं मला बारीक बघावं लागलं. सगळी उमर जे पुस्तक झोपेत ऐकलं, ते त्या दिवसांत मी पहिल्यांदा वाचलं. सांजेला चूक टाकायची आणि थांबायचं. कोळारच्या फाटकावर शिट्टी मारून थांबायचो, अगदी तसं. उत्तर येईतो जीव मुठीत. उत्तर आलं की समोरच्या फाटकावर माणूस जागा आहे.

एकदा माझी चूक अंगलट आली. घर सोडून गेलेला पोरगा माघारी येतो ती गोष्ट. बाप त्याला लांबून बघतो, पळत जातो, गळ्यात पडतो. त्या दिवशी लहान चुका दोनदा टाकल्या, उत्तर आलं नाही. मी घाबरलो, आणि घाबरून मोठी टाकली. "बापानं त्याला बघून दार लावून घेतलं."

ती उभी राहिली. "न्हाई," म्हणाली. "न्हाई, न्हाई. बाप असं करत न्हाई." आणि आमच्या दाराकडं गेली आणि दार उघडून उंबऱ्यावर बसली, रस्त्याकडं तोंड करून. मी शेजारी बसून खरं ते सांगत राहिलो. दार उघडं होतं, बाप पळत गेला, अंगठी घातली, सगळं सांगितलं. दिवे लागले, गल्लीतली पोरं घरात गेली, तरी ती वाट बघत होती. त्यानंतर मी कधी बापाच्या अंगावर चूक टाकली नाही.

आमच्यात या दिवसांत घरोघर प्रार्थना फिरते. आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या. आमची पाळी आली. सुशी आदल्या दिवशीच आली, सतरंज्या झटकल्या, आईचं चांगलं लुगडं काढून ठेवलं. मला म्हणाली, "अप्पा, उद्या पाळकसाहेब वाचतील. तुमी बसा नुसतं."

"मीच वाचनार."

"लोकांसमोर चुकीचं वाचनार? कामून असं करायलाव? लोक काय म्हनतील?"

"लोकाला काय म्हनायचं ते म्हनू दे. तुझी आई उठून चपला शोधायली की मग लोक काय म्हनतील?"

तिनं सतरंजी परत झटकायला घेतली. तिलाही तेच भ्या होतं.

लोक आले. गाणी झाली. दीना खांबाला टेकून बसली होती, डोळे कुठंतरी. पाळकसाहेब तरुण माणूस, बिदरहून मोटारसायकलवर येतात, कानडी वळणाची मराठी बोलतात. त्यांनी पुस्तक माझ्याकडं दिलं. धडा वाटेवर मार खाऊन पडलेल्या माणसाचा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला. याजक बघून जातो, दुसरा बघून जातो, तिसरा परक्या जातीचा थांबतो, जखमांवर तेल ओततो आणि त्याला आपल्या जनावरावर घालून नेतो.

दीनाचा हात जमिनीवरून चपलांच्या दिशेनं सरकायला लागला होता. सुशीनं तो धरला. मी वाचलं, "त्यानं त्याला बैलगाडीत घातलं."

"जनावरावर, अप्पाजी," पाळकसाहेब लगेच म्हणाले. "आपल्या जनावरावर बसवलं."

माझं रक्त खवळलं. तिची जागा होती ती. तिचं उत्तर यांनी दिलं. दीना तशीच, कोरी.

"साहेब, गप बसा," मी म्हणालो.

सतरंजीवरचे डुलणारेसुद्धा सरळ झाले. सुशीनं तोंडाला पदर लावला. साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी मान खाली घातली आणि एक ओळ मागं गेलो. तेल आणि द्राक्षारस ओतला असं आहे तिथं. मी वाचलं, "जखमांवर हळद लावली," आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

कोणी हललं नाही. पंखा फिरत होता. कोणाचं तरी लेकरू कुरकुरलं, आईनं त्याला छातीशी दाबलं. साहेबांनी ओठ मिटले होते, आणि ते माझ्याकडं बघत नव्हते, दीनाकडं बघत होते. सगळं घर तिच्याकडं बघत होतं. मला वाटलं, संपलं. मी सगळ्यांसमोर देवाचं वचन बिघडवलं आणि मिळालं काही नाही.

"तेल," दीना म्हणाली. "चुकलाव. हळद आपल्यात लावत्यात. त्यानं तेल लावलं. परत वाचा."

मी परत वाचलं. शेवटपर्यंत कोणी खोकलं नाही. या घरात इतक्या लोकांनी एकदम जागं राहून शास्त्र ऐकलं, ते तेव्हाच.

जाताना साहेब मोटारसायकलशी थांबले. म्हणाले, "अप्पाजी, वचनात भर घालू नये, कमी करू नये. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"मग?"

"मग काय. देव विचारंल तेव्हा सांगीन."

त्यांनी किल्ली फिरवली, परत बंद केली. "माझ्या आईला पण असंच झालं होतं," एवढं बोलले आणि गेले. पाप आहे की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मला अजून माहीत नाही.

चिंचा संपत आल्या तशी तीही संपत आली. ताप आला तो उतरेना. उत्तरं यायची थांबली. मी चूक टाकायचो, थांबायचो, दुसरी टाकायचो. समोरचं फाटक गप. शेवटी मी तेही सोडून दिलं. चुकायलाही ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

शेवटच्या सांजेला मी दोन वाटसरूंची गोष्ट वाचली. धनी मेला म्हणून तोंड पाडून गावाकडं चाललेले दोघं. तिसरा, तोच मेलेला धनी उठून, त्यांच्या सोबतीला येतो, वाटभर बोलत चालतो, पण त्यांना ओळख पटत नाही. दिवस कलतो. ते म्हणतात, आमच्यासोबत राहा. तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, आणि तेवढ्यात तो दिसेनासा होतो. मी सरळ वाचलं. बोट ठेवून, शब्द न् शब्द, एकही चूक न करता. पुस्तक मिटलं.

"चुकलाव," दीना म्हणाली.

डोळे मिटलेले होते. आवाज इतका बारीक की मी वाकलो. "कुठं? दीना, कुठं चुकलो?"

"परत वाचा."

मी परत वाचलं, पहिल्या ओळीपासून. अर्ध्यात ती झोपली होती. उजाडायच्या सुमाराला गेली.

सुशी म्हणते, "अप्पा, सवयीनं बोलली ती. तिला काय कळायलं होतं?" आसंल. पाळकसाहेबांसमोरही मी तो धडा वाचून दाखवला, जसा त्या सांजेला वाचला तसा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, एक अक्षर चुकलेलं नाही. तेही आसंल. अक्षर बरोबर होतं. पण वाचणारा हजर होता का? माझं बोट ओळीवर होतं, आणि कान तिच्या श्वासाकडं. की उलटं होतं? मी तिच्याकडं बघायला पाहिजे होतं आणि पुस्तकात बघत होतो? किती वेळा आठवून बघितलं. सापडत नाही.

साल गेलं. मधल्या दिवसांत मी नावालाच बसायचो. सुशीनं मला मोबाईल दिला, त्यात शास्त्र वाचून दाखवणारा माणूस आहे. गोड आवाज, कुठं अडखळत नाही, कुठं चुकत नाही. मला त्याच्यापुढं ठार झोप लागते. त्याला मी जागा असलो काय, मेलो काय, सारखंच.

आता ती म्हणते, नौबादला या, एकट्यानं कशाला राहताव. काल फोनवर रडली. "तिकडं बसून काय करायलाव तुमी, अप्पा?"

"वाचायलोय," मी म्हणालो.

"इथं येऊन वाचा की."

"सापडलं की येतो."

काय ते तिनं विचारलं नाही. तिला माहीत आहे.

शेजारीण आज वाटीभर चिंच देऊन गेली. म्हणाली, "काका, आमटीला घ्या." मी त्यातली एक फोड बाजूला काढून ठेवली. हातोडी थांबलीय. बाया अंगणं झाडायला लागल्यात. कोळारला नियम होता, समोरच्या फाटकावरून शिट्टी आली की उत्तर दिल्याशिवाय बसायचं नाही. त्या सांजेला मी शिट्टी मारली नव्हती. तिनं मारली, आपणहून. तिचं उत्तर माझ्याकडं राहिलंय.

दिवा लावला. चिंच गालात ठेवली, दात आंबले. दोन वाटसरू गावाकडं निघालेत, त्या ओळीवर बोट ठेवलंय.